रक्तावरची साय

सिर्गा : तोंड मिटा, बुरुल अपा. आज दाढ काढत नाही मी.

बुरुल : अगं डॉक्टरीणबाई, वरच्या कुरणातून आधी घोड्यावर, मग गाडीत आदळत आले, ती तुला तोंड दाखवायला? काढ म्हणते ना!

सिर्गा : रक्त पातळ ठेवायची गोळी का सोडलीत?

बुरुल : शहाणपण केलं, तेही चुकलंच का? आमच्या शेजारच्या सोरोननं हीच गोळी चालू ठेवून दात काढला, तर उशी लालभडक! म्हटलं, आपण आधीच थांबावं, रक्ताला जरा साय धरू द्यावी.

सिर्गा : साय दुधावर शोभते, अपा. तुमच्या काळजात बिश्केकला धातूची झडप बसवलीय. गाळणीत साय अडकली तर दूध उतरतं का?

बुरुल : कुठलं उतरतंय! बोटानं काढावी लागते.

सिर्गा : तिथं कुणाचं बोट पोचणार? तोंडातलं रक्त मी दाबून धरीन, टाका घालीन. झडपेवर साय धरली, तर नुसती बघत बसेन.

बुरुल : ...नात म्हणते, आजीच्या छातीत घड्याळ आहे. ते थांबलं असतं गं.

सिर्गा : हृदयाच्या डॉक्टरांशी बोललेय. आत्ताच त्यांच्याकडे जा. ते सांगतील तशी गोळी आजपासून सुरू. रक्ताची तपासणी नीट आली की दाढ काढते, गोळी चालू ठेवूनच.

बुरुल : आणि सोरोनसारखं झालं तर?

सिर्गा : घरी जाऊन काय केलं त्यांनी?

बुरुल : काय करणार? कढत चहा ढोसला, अन् थुंकत बसला.

सिर्गा : मग! तुम्ही त्या दिवशी चहा गार करून प्यायचा.

बुरुल : गार चहा? त्यापेक्षा दाढ राहू दे!

सिर्गा : अपा!

बुरुल : बरं बाई, बरं. पण पुढच्या दातांना हात लावू नकोस. माझा लोखंडी कोमुझ त्यांच्यावरच टेकवून वाजवते मी.

सिर्गा : जखम भरेपर्यंत कोमुझही खुंटीला. आणि गोळी?

बुरुल : पिशवीत नान आहे, त्यावर हात ठेवते. गोळी सोडली तर ही भाकर मला बाधो!

(पुढच्या आठवड्यात, त्याच खुर्चीत.)

सिर्गा : निघाली दाढ. टाकाही घातला. हा बोळा घट्ट चावून धरा. बोलायचं नाही.

बुरुल : उं?

सिर्गा : एक शब्दही नाही.

बुरुल : उं उं उं!

सिर्गा : शिव्या नंतर द्या. बघू... थांबत आलंय रक्त. धरा अजून. अगंबाई, तुम्ही गप्प बसलात तर झडप ऐकूसुद्धा येतेय. टिक... टिक...

बुरुल : उं?

सिर्गा : श्श. आता तिला बोलू द्या.