ॲम्प्लिफायर तपासायच्या डबीची पूजा

हसू नका, आधी ऐका. आळंदच्या आमच्या साउंड-सिस्टिमच्या दुकानात ॲम्प्लिफायर तपासायची यूएसबी डबी आली. लॅपटॉपला जोडली, तर दिसंल त्या ॲम्प्लिफायरमध्ये खरखर दाखवायली! उद्याच्या लग्नाचे तीन चांगले ॲम्प्लिफायर मी उगीच खोलून बसलो. शेवटी वायरीचं एक टोक डबीत, दुसरंबी डबीतच घातलं, मधी ॲम्प्लिफायरच नाही. तरी खरखर! म्हणजे डबीच खराब. तावातावानं कंपनीला फोन लावला.

तिकडची बाई म्हणाली, "आत काही ओलं गेलंय का?"

म्हणलं, "मॅडम, सकाळीच खोकं फोडलंय, ओलं कुठून जाईल?"

तेवढ्यात माझा भागीदार मलप्पाअण्णा मागून अभिमानानं ओरडला, "ओलं काय बी न्हाई अक्का, फकस्त पूजेच्या नारळाचं पाणी शिंपडलंय. दोनदा!"