भोंग्यातली बाई

काल त्या दुसऱ्याच्या गाडीत पन हीच बाय बोलत व्हती ना गं, हिला कोनीपन चालतं वाटतं. मासळीवाली असं म्हणाली, आणि तिच्यासमोर सुके बोंबील निवडत बसलेली बाई म्हणाली, तिला काय, नुसता आवाज द्यायचाय. मी शेजारीच उभी होते, पिशवी धरून. नाक्यावरून प्रचाराची रिक्षा चालली होती आणि तिच्या भोंग्यातून जी बाई बहुमोल मत मागत होती ती मी होते. बोंबील घेतले आणि घरी आले. काय सांगू तुम्हाला, आईनं विचारलं तोंड का उतरलंय, तर तिलाही सांगितलं नाही.

मी मुळातच कमी बोलते. बाबा भिवपुरीला वीजघरात कंत्राटावर होते, तिथल्या साहेबांची मुलं बघून त्यांनी हट्ट धरला की आपली पोरगी पण इंग्लिश मिडियमलाच जाणार. शाळेत मराठी बोललं की बाहेर उभं करायचे, आणि घरी चुकून इंग्रजी शब्द निघाला की चुलत बहिणी म्हणायच्या मॅडम आल्या गं, सरका, त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. फक्त धडा वाचायला सांगितला की मोठ्यानं वाचायचे, न अडखळता, कारण ते माझं नसायचं. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचताना मला भीती वाटत नाही, अजूनही नाही वाटत.

म्हणून तर हे काम मिळालं. मोबाईलच्या दुकानावर दीपकदादाचा स्टुडिओ आहे, तिथे मी लग्नाचे व्हिडिओ जोडते. यंदा नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा ठरलं, तेव्हा दादा म्हणाला मुंबईहून बाई कशाला आणायची, तूच बोल. भिंतींना गोधड्या लावलेली एक खोली आहे, तिच्यात बसून मी आधी एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचं वाचलं, आणि मग दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या. विकास, स्वच्छ पाणी, महिलांचा सन्मान, क्रम तेवढा वेगळा. आणि दोघांच्याही कागदावर आमचा साकव होता.

साकव म्हणजे ओढ्यावरचा पायी जायचा पूल, आमच्या बुद्धवाडीतून गावात यायचा तोच रस्ता. तो पुरात वाहून गेला. तेव्हापासून पावसाळ्यात चौक गावाकडच्या रस्त्यानं वळसा घालून यावं लागतं. माझी आई पलीकडच्या अंगणवाडीत खिचडी शिजवते, तिचा गुडघा दुखतो, तिला एवढं चालवत नाही, म्हणून ती ओढ्यातूनच जाते, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात चपला. ती पलीकडे चढेपर्यंत मी दारातून हलत नाही. दोन्ही पक्षांची सत्ता येऊन गेली, दोघांनीही साकवाचा नारळ फोडला, एकाच दगडावर. त्यामुळे त्यांचं वाचताना मला काही वाटलं नाही. म्हटलं, खोटंच आहे, वाचायचं आणि सोडून द्यायचं. कारण खरा माणूस आमच्याकडे होता ना.

सुदामकाका. आमच्याच वाडीतले, रेल्वेतून निवृत्त झालेले. साकव गेला त्या वर्षी शाळेची पोरं पार होईपर्यंत हा माणूस कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभा राहायचा. साकवासाठीच ते अपक्ष उभे राहिले. विहारात बैठक झाली तेव्हा आई कधी नव्हे ती उठून बोलली, हा आपला मानूस हाय, हा त्यांच्यासारखा नाय.

बाजारात ते ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी काका स्टुडिओत आले. मला बरं वाटलं, म्हटलं आज तरी खरं काही वाचेन. कागद घेतला. विकास, स्वच्छ पाणी, महिलांचा सन्मान. उलटून पाहिला, मागची बाजू कोरी. मी विचारलं, काका, साकव? ते म्हणाले, अगं, बाजारपेठेतली मतं पायजेत. साकव काढला की ते म्हणतात हा वाडीपुरता मानूस, तो शिक्का बसला की संपलं. वाडीला ठावं हाय मी करनार ते. निवडून येऊ दे, पयला साकव. दीपकदादा हसत म्हणाला, काका, त्या दोघांनी पण इथंच बसून असंच म्हटलंय. काका हसले नाहीत. मग मी काय करू, म्हणाले, हरू?

मला राग आला, पण त्यांचं चुकतही नव्हतं. लोक खरंच तसं म्हणतात. पण त्या दोघांनी खोटा का होईना, साकव कागदावर तरी ठेवला होता, आणि ज्यानं पाण्यात उभं राहून दोर धरला त्यानंच तो काढला. मग फरक काय राहिला, तुम्हीच सांगा. ते दोघं गाडीतून येतात आणि हे चालत येतात, एवढाच?

दादानं खूण केली. सवयीनं मी पहिली ओळ वाचलीसुद्धा, बंधू आणि भगिनींनो, आणि हेडफोनमधून माझाच आवाज मला ऐकू आला, गोड, कुठंही न अडखळणारा, अगदी त्या रिक्षांमधला. मी हेडफोन काढून ठेवले. काका म्हणाले, काय झालं गं, घसा बसला का?

मी म्हटलं, काका, साकव लिहून द्या, तर बोलते. मला कोणीपण चालत नाही.