हॉटेलच्या भिंतीसाठी विणलेले पट्टे

वाळूत शिरण्याआधी मी पिकअपच्या चारही चाकांत टिच्च हवा भरून घेतली. वाळूत शिरताना हवा काढायची असते, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल. पण मी चिपळूणकडचा, आमच्याकडे बसलेलं चाक म्हणजे पंक्चर, आणि पंपावरचा मलबारी बिचारा कम करो भाई, कम करो म्हणत होता, तर मला वाटलं याला काम नकोय.

काय सांगू तुम्हाला, मला शारजाला नेलं माझ्या सख्ख्या मामाने, भिकाजीमामाने. दहावीला दोनदा आपटलो तेव्हा आई म्हणाली, घेऊन जा रे याला, इथे नुसता गावभर हिंडतोय. मामा हॉटेलांची सजावट करणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर, अरबी फाडफाड बोलायचा, त्याने मला हेल्पर म्हणून चिकटवलं आणि गाडी शिकवली. म्हणजे त्याने शिकवली, मी शिकलो असं मी म्हणत नाही.

ती नव्वदीतली वर्षं, हॉटेलं धडाधड उठत होती, आणि अबुधाबीच्या एका हॉटेलला लॉबीत सगळं अस्सल हाताचं पाहिजे होतं. म्हणून ऐन ऑगस्टात आम्ही मामा-भाचे निघालो. आधी रस अल खैमाकडच्या डोंगरात एका म्हाताऱ्या कुंभाराकडे, तिथे मी विचारलं, या मडक्याचं तोंड वाकडं का, तर मामाने ते अरबीत सांगितलंच नाही, वर माझ्या पायावर पाय दिला. मग खजुरीच्या झावळ्यांच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांकडे, तिथे मी त्यांच्या अर्ध्या विणलेल्या चटईवरच बसलो. त्या हसल्या, मीही हसलो, मामा नाही हसला. अशी सगळी मजा करत आम्ही पार वाळवंटातल्या लिवा गावाच्या पलीकडे आलो. तिथे वाळूत तंबू ठोकून एक म्हातारी राहायची, बदू म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांतली, तिचे पट्टे घ्यायचे राहिले होते. काळे-लाल-पांढरे, लोकरीचे, जमिनीत खुंट्या ठोकून, मांडी घालून विणायचे. हॉटेलच्या अख्ख्या भिंतीला पुरतील एवढे पट्टे विणायला तिचा आणि तिच्या सुनेचा हिवाळा गेला, उन्हाळाही जात आला होता.

मामाला सकाळपासून कणकण होती, तो सीटवर झोपला होता. मी म्हटलं, कशाला उठवायचं, आज दाखवू या आपणही काय आहोत ते. आणि डांबरी सोडून घातली गाडी वाळूत.

तंबू समोर दिसायला लागला आणि गाडी रुतली. मी घाबरून अ‍ॅक्सिलेटर दाबला, ती पोटापर्यंत गेली. मामा जागा झाला आणि ओरडला, गाढवा, पाय काढ! खाली उतरला, चाकांकडे बघितलं आणि चाकापाशी उकिडवा बसला. हवा काढली, पण आता नुसत्या हवेने काय होतंय. मी एका बाजूने उकरतोय, तो दुसऱ्या बाजूने, अंगात ताप आणि वरून तसलं ऊन, मी म्हणतोय मामा तू बस, तो ऐकत नाही. मग बघतो तर त्याचा घाम थांबलेला, डोळे भलतीकडेच, आणि तो तिथेच कलंडला.

मी तंबूकडे पळालो. मला अरबीतले शब्द चारच, यल्ला, खलास, हबीबी, इन्शाल्ला, ते चारही ओरडलो. म्हातारी विणत होती, ती उठली, सुनेला पाण्याची कातडी पिशवी घ्यायला लावली, आली. मामाला बघितलं, गाडीला बघितलं, परत गेली आणि पट्ट्यांच्या गुंडाळ्या खांद्यावर घेऊन आली. आणि घातल्या एका चाकाखाली. आणि मी, ऐका, माझा मामा तिथे पडलाय आणि मी म्हणतोय, नको नको, ते हॉटेलचं आहे, ऑर्डर, ऑर्डर! तिने मला हाताने बाजूला सारलं, दुसऱ्या चाकाखालीही घातले आणि स्टिअरिंगकडे बोट केलं.

गाडी निघाली. मागे वळून बघितलं तर लोकरीच्या चिंध्या.

मामाला उचलून मागच्या हौद्यात घातला, म्हातारी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, पाणी ओतत होती, आजूबाजूला मडकी खडखडतायत. डांबरी लागली, मी गाडी पळवली तेवढी पळवली. हॉस्पिटल अजून लांब होतं, तेव्हा तिने मागून टपावर थाप मारली. श्वै श्वै, म्हणाली. म्हणजे हळू, हळू. ती का म्हणते ते मला कळलं. मी गाडी हळू केली.

मामाच्या पेटीबरोबर मीच आलो गावाला. मामीने विचारलं, शेवटी काय बोलले? आता गाढवा, पाय काढ, हे कसं सांगणार? त्यानंतर तो बोललाच नव्हता. मी म्हटलं, मामी, तुझं नाव घेतलं. हॉटेलने मशीनवरचे पट्टे लावले, कुणाला फरक कळला नाही. मी अजून तिकडेच आहे, आता गोदामात, गाडी नाही चालवत. सुट्टीला आलो की मामीकडे एक दिवस जेवायला जातो, ती वाढते, मी इकडचं तिकडचं सांगून तिला हसवतो, हसतेही. यंदा आमटी वाढता वाढता म्हणाली, अरे दत्ता, जेवढा संसार केला तेवढ्यात त्यांनी एकदाही मला नावाने हाक मारली नाही, अगं म्हणायचे नाहीतर ऐकलंस का. ते मरताना कशाला नाव घेतील? तुला मेल्या, खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.