प्लगला हात लावू नका

—नाही नाही, हात मागे घ्या दादा, आधी हात मागे! साहेबांनी सांगितलं असेल हो, साहेबांचं काय, साहेब उद्या छत काढायला सांगतील, खाली माणसं बसलीत की नाही हे बघणार आहेत का ते? बसा त्या स्टुलावर. बारा वाजता मशीन खाली न्यायचंय ना? मग अजून वीस मिनिटं आहेत. तुम्ही वायरमन, तुम्हीच सांगा, चालू लाईनीवर पक्कड मारता का तुम्ही? नाही ना मारत? आधी मेन बंद करता, टेस्टर लावून बघता, मग हात घालता. मग माझ्याच मशीनच्या बाबतीत 'ओढ प्लग आणि हो मोकळा' – असं कसं?

ही काळी खिडकी दिसतेय स्क्रीनवर? हीच ती. दिसायला काही नाही, पांढरी अक्षरं नुसती वर सरकत असतात – साहेब पाहुण्यांना घेऊन आले की हिच्यावर फुलांचा फोटो उघडून ठेवायला लावतात, दळभद्री दिसतं म्हणे. पण शहरातली चौदा रक्ततपासणी केंद्रं या दळभद्री खिडकीला जोडलेली आहेत. तिकडे तपासणी झाली की आकडा इथे येतो, थोडा वेळ नुसता मेमरीत राहतो – डिस्कवर नाही हं, कागदावर तर नाहीच, अधांतरीच म्हणा ना – आणि तीसचाळीस जमले की सगळे एकदम लिहिले जातात. आता या क्षणी नऊ केंद्रं आत बोलतायत. तुम्ही प्लग ओढलात की अधांतरी होतं ते गेलं. कुणाच्या आजीची साखर, कुणाच्या बाळाची कावीळ – जाते कुठे? कुठेच नाही. आजीने पुन्हा उपाशीपोटी यायचं, पुन्हा बाही वर करायची. सुई काही साहेबांच्या दंडात जात नाही, म्हणून त्यांना हे 'किरकोळ' वाटतं.

बंद कसं करतात ते बघा. कंट्रोल आणि सी, दोन बोटांचं काम. हे दाबलं – काय लिहिलं प्रोग्रॅमने? 'नवीन कोणाला घेत नाही. आत नऊ.' म्हणजे दार लावलं, पण आतल्यांना हाकललं नाही, त्यांचं बोलणं पुरं होऊ देतोय. मग मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवेल, घेतलेलं ज्याचं त्याला परत करेल, कुलूप म्हणून एक छोटी फाईल ठेवतो ती पुसेल, शेवटची ओळ लिहील आणि जाईल. हे सगळं मी शिकवलंय त्याला. हो, मीच लिहिलाय हा प्रोग्रॅम, कॉलेजातून आल्या आल्या. मीटिंगमध्ये उभी राहून सांगायचे मी – सुरू काय कोणीही करतं, बंद करता आलं पाहिजे! साहेब तेव्हा मोबाईल बघत असायचे. त्यांच्या लेखी बंद करणं म्हणजे अंधार करणं, संपलं. माणसंही तशीच बंद करतात. ऑपरेटर काकांना नाही का केलं? सकाळी येऊन खुर्चीत बसले, तर मशीन पासवर्डच घेईना – कामावरून काढलंय हे असं कळलं त्यांना. बावीस वर्षं! निदान म्हणायचं ना, हातातलं काम पुरं करा, ड्रॉवर आवरा, डबा खाऊन जा.

सात उरले, बघा.

काकांना तुम्ही ओळखता? रोज चहाला बरोबर? मग तर तुम्हाला माहीतच आहे. गेल्या महिन्याची चौदा तारीख. कोणीतरी ही खिडकी – वर कोपऱ्यात फुली आहे ना – त्या फुलीवर टिचकी मारून बंद केली. अडाण्यासारखी! फुली मारली की बिचाऱ्याला पाचेक सेकंद मिळतात, तेवढ्यात आवरलं तर आवरलं, नाहीतर गळा दाबला. एकतीस जणांचे आकडे गेले. त्यातल्या एका बाईंची शीरच सापडत नव्हती, पहिल्याच वेळी चार ठिकाणी टोचलं होतं. पुन्हा बोलावलं तर म्हणाल्या, तुमच्या खेळासाठी माझा हात नाही. नाहीच आल्या. पुढे त्यांचं काय झालं – माहीत नाही. विचारलं नाही मी.

थांबा, फोन. हो साहेब. बंद करतेय साहेब. 'अजून बंदच होतंय का' म्हणजे काय साहेब, होतंय म्हणूनच तर होतंय. ठेवते. – ऐकलंत? वर नव्या सिस्टीमला रिबन बांधलीय आणि कात्री सापडत नाहीये, म्हणून खाली माझ्यावर ओरडायचं.

चार उरले. अहो नाही, पुन्हा दाबायचं नाही! दुसऱ्यांदा कंट्रोल-सी दाबलं की त्याला वाटतं यांना धीर नाही, आणि मग आहे तसं टाकून निघतो. तेही मीच लिहिलंय. माझ्यासारख्यांसाठी. मला कुठे धीर आहे? त्या दिवशी मीटिंगमधून मी अशी तणतणत – काही नाही. चार.

काय? कोणी बंद केलं हे कळतं का? कळतं तर! प्रत्येक वेळी लिहून ठेवतो तो, ही बघा फाईल, लॉग म्हणतात हिला. 'कंट्रोल-सी. आत शून्य. नीट बंद.' हे मागच्या महिन्याचं – 'नीट बंद.' 'नीट बंद.' किती शहाणं बाळ आहे. आणि ही चौदा तारीख – 'फुली. शिल्लक एकतीस.' पुढे 'नीट बंद' नाहीच, तेवढंच लिहायला वेळ मिळाला त्याला. त्याच्या पुढे? ते त्या वेळी मशीनवर कोणाचं लॉगिन होतं ते – थांबा, खाली जाऊ दे, ते काही कामाचं नाही.

वाचलंत.

अहो, दोन खिडक्या होत्या! ही एक आणि माझी चाचणीची एक, अगदी तश्शीच काळी. मीटिंगमध्ये मी म्हटलं, बंद करायची शिस्त लावा, तर साहेब हसले – म्हणाले, ताई, प्लग कशासाठी असतो? खाली आले ती भडकूनच, आणि टक टक टक, समोर दिसेल ती खिडकी बंद केली. बंद कसं करायचं यावर भाषण देऊन आले होते हो मी! दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मग साहेबांनी तपासायला सांगितलं कोणाला? मलाच. लॉग दुसऱ्या कोणाला वाचता येतो? मी म्हटलं, लॉगमध्ये काही सापडलं नाही. तसं खोटं नव्हतं हं ते, मी तो उघडलाच नव्हता. न उघडता काय सापडणार? त्या दिवशी ड्यूटी काकांची होती, तेवढं पुरलं साहेबांना. आणि काका – काका म्हणाले, माझ्याच हातून झालं असेल गं, मोतीबिंदू आहे, ती फुली दिसते कुठे मला. मी त्यांना पाणी आणून दिलं. पाणी!

एकच राहिलंय आता. नदीपलीकडचं केंद्र, त्यांची लाईन रडतखडतच चालते. येईल, त्यांचंही येईल.

ही माझी आजची यादी – तात्पुरत्या फाईली काढणे, जोडण्या सोडणे, कुलूप पुसणे, आणि शेवटी बघा, माझंच अक्षर आहे, 'जुने लॉग पुसणे'. सगळं कसं नीट. खरं तर पुसायचीही गरज नव्हती. तुम्ही मशीन नेणार, संध्याकाळपर्यंत डिस्क कोरी होणार. मला फक्त तुम्हाला प्लग ओढू द्यायचा होता. आणि मी तुम्हाला स्टुलावर बसवून भाषण देतेय! या भाषणांनीच घात केलाय माझा.

शून्य. 'आत शून्य. नीट बंद.' गेली खिडकी. हुं, माझ्यापेक्षा बरा निघाला.

शिव्या द्या.

...प्रिंटर आवाज करतो तसा, घाबरू नका. एकच पान आहे, चौदा तारखेचं. नाही, तुमच्याकडे नाही देणार – तुम्ही ते काकांना द्याल, काका म्हणतील, लहान आहे पोर, जाऊ दे, आणि चहात बुडेल ते पान. आधी वर नेते. रिबनसमोर सगळे उभे असतील, कात्री काही अजून सापडली नसेल, तेवढ्यात वाचून होईल. मग काकांच्या घरी. पत्ता लिहून ठेवा माझ्यासाठी, या यादीच्या मागे लिहा, ती आता नको मला.

हा घ्या पेन. आणि ओढा प्लग. ओढा ना दादा – आत कोणी नाही आता.