काचेआड

(पहाट. घराचं अंगण. दीर ड्रोनचा रिमोट धरून त्यावरच्या स्क्रीनकडे बघतोय. शेजारी वहिनी, खांद्यावर झोपलेली दोन वर्षांची लेक.)

वहिनी: आणि ते पांढरं काय? ते, कुंपणाला लागून.

दीर: कुत्रं आहे.

वहिनी: कशावरून?

दीर: पळालं ना. आप्पा चार पायांवर पळत असतील असं मला वाटत नाही.

वहिनी: थट्टा सुचतेय तुम्हाला, भावजी.

दीर: थट्टा केली नाही तर नको ते डोक्यात येतं. मग रिमोट धरणार कोण?

वहिनी: मग करा. पण नजर काढू नका तिथून. पांढरं ते गरम आणि काळं ते गार, हो ना? म्हणजे माणूस पांढराच दिसणार.

दीर: जिवंत अस... हो. पांढराच.

वहिनी: अर्धं वाक्य गिळू नका. गिळलेलं जास्त ऐकू येतं.

दीर: चिऊला आत झोपवून या ना तुम्ही. गारठ्यात कशाला उभं केलंय तिला?

वहिनी: आत ठेवली की माझं अर्धं लक्ष आत. इथेच बरी आहे. अजून खाली आणा ना तो ड्रोन, सगळं मुंगीएवढं दिसतंय.

दीर: खाली आणला की टीचभर जमीन दिसते, रान संपायच्या आत बॅटरी संपेल. वर नेला की माणूस चार ठिपक्यांचा होतो. धोंडा कुठला नि माणूस कुठला, काही कळत नाही.

वहिनी: दुसऱ्या कॅमेऱ्यात कळलं असतं.

दीर: तो विषय आत्ता नको.

वहिनी: दोन्हींची माहिती मीच वाचून दाखवली होती तुम्हाला, याच ओट्यावर बसून. म्हटलं होतं, हा चौपट ठिपक्यांचा आहे, लांबूनही आकार नीट दिसेल. तुम्ही म्हणालात, वहिनी, मला काय लग्नाचे फोटो काढायचेत?

दीर: जड होता तो. लावला असता तर ड्रोन निम्म्या वेळात खाली आला असता. आणि मला बघायचं काय होतं? छपरांवरचे सोलर पॅनेल. कुठला तुकडा जास्त तापलाय, एवढंच. चार हात वरून बघायचं, त्याला हा पुरून उरतो. स्वतःच्या बापाला शोधायला लागेल असं कोण धरून चालतं?

वहिनी: मी धरून चालते. चिऊ झाल्यापासून मी सगळंच धरून चालते.

दीर: मग काल दाराला कडी का नव्हती? चुकलं माझं. जाऊ दे.

वहिनी: नाही, बरोबर आहे तुमचं. कडी मी लावली होती. त्यांनी काढली. हल्ली माझं नाव विसरतात, जेवलेलं विसरतात, पण कडी काढायला नाही विसरत. आणि रात्री जेवताना त्यांनी मला तीनतीनदा विचारलं, थंडी पडणार ना गं आज? पांघरूण घातलंस का? मी म्हटलं, घातलं आप्पा. मला वाटलं चिऊचं विचारतायत. आजोबा आहेत, विचारणारच. फार बरं वाटलं होतं मला.

दीर: आता डोळे पुसत बसू नका. मला एकट्याला स्क्रीनवर सगळं नाही दिसत. उजवीकडची बाजू तुम्ही बघा.

वहिनी: उजवीकडे ती काळी चौकट काय आहे?

दीर: काचघर, आप्पांच्या रोपांचं. दोनदा गेलो त्याच्यावरून. थंडगार आहे, काही नाही तिथे. शिवाय कुलूप काल मीच घातलंय, किल्ली माझ्या खिशात आहे. घाई करा, उजाडलं की संपलं. एकदा ऊन पडलं की दगडधोंडे तापतात, सगळं रान पांढरं होतं. मग हा कॅमेरा असून नसून सारखा.

वहिनी: तुमचा फोन वाजतोय.

दीर: तुम्ही घ्या. दादा असेल.

वहिनी: हां, बोला... कुठे?... एकच?... आप्पांचीच कशावरून?... हो. हो, अंगठा मीच शिवून घेतला होता, काळ्या दोऱ्याने. तुम्ही पाण्यात उतरू नका हं. ऐकताय ना? उतरू नका.

दीर: काय झालं?

वहिनी: चप्पल सापडली. कालव्याच्या काठाला, चिखलात रुतलेली. डाव्या पायाची. हे म्हणतायत, ड्रोन ताबडतोब तिकडे आण.

दीर: आणतो. बॅटरी बदलून लगेच. ही शेवटची आहे.

वहिनी: थांबा.

दीर: थांबायला वेळ कुठाय?

वहिनी: एक सांगा. पाण्याखालचं दिसतं याला?

दीर: वहिनी, नका विचारू.

वहिनी: विचारतेय. दिसतं का?

दीर: नाही. पाण्याचा फक्त वरचा थर दिसतो. काचेसारखंच ते. आतलं काही बाहेर येत नाही.

वहिनी: मग शेवटची बॅटरी तिथे कशाला जाळायची? काठावर निम्मी वस्ती जमलीय. सगळे पांढरेच दिसणार. आणि पाण्यातला दिसणार नाही.

दीर: पण चप्पल तिथे आहे! म्हणजे माणूस तिथवर गेला होता. मी इथे मोकळं रान बघत बसलो आणि तिकडे आप्पा... जन्मभर दादा मला तोंड दाखवू देईल का?

वहिनी: काचेसारखं म्हणालात ना तुम्ही?

दीर: काय?

वहिनी: आत्ता. पाणी काचेसारखं.

दीर: हो, मग?

वहिनी: तुम्ही कॅमेरा नवा आणलात तेव्हा चिऊशी खेळत होतात. ही अंगणात आली की स्क्रीनवर पांढरी बाहुली. खिडकीमागे जाऊन उभी राहिली की गायब. समोर उभी, नाक काचेला टेकवलेलं, दात दाखवतेय, आणि स्क्रीनवर नुसती काळी खिडकी. तुम्ही म्हणत होतात, चिऊ भुर्र. भावजी, काचघराचं छप्पर कशाचं आहे?

दीर: काचेचं.

वहिनी: आणि भिंती?

दीर: अरे देवा. रोज लोकांना तोंड वर करून सांगतो मी, पॅनेलवर काच असते, काचेच्या आतलं दिसत नाही, वरची काचच दिसते. रोज सांगतो. आणि दोनदा तिथून गेलो, काळं दिसलं, म्हटलं कोणी नाही.

वहिनी: तुम्ही त्यांना सांगितलंत ना काल, काचघर पाडायचंय म्हणून?

दीर: सांगितलं. काही बोलले नाहीत. मला वाटलं, विसरले. पण ते आत जातील कसे? कुलूप मी ओढून बघितलंय, किल्ली माझ्याकडे.

वहिनी: मागचं बुटकं दार. पाण्याचा पाइप आत घेतात ते.

दीर: ते गंजून बसलंय. ढकलून सरकत नाही.

वहिनी: ढकलून नाही. उचलून ढकलायचं. त्यांना करताना बघितलंय मी. आणि तिकडे जायची वाट कालव्याच्या बांधावरूनच आहे, चिखलातून. बॅटरी घाला. मी निघाले.

दीर: चिऊला घेऊन पळणार?

वहिनी: मग काय, तुमच्या रिमोटवर बसवू? फोन चालू ठेवते.

दीर: सावकाश जा. वहिनी? उडवला. हां, दिसताय तुम्ही. मोठा ठिपका आणि त्याच्या खांद्यावर छोटा. डावीकडे होऊ नका, तिथे चर आहे. सरळ. आणखी सरळ.

वहिनी: दम लागलाय, बोलू नका. नाही, बोलत राहा.

दीर: समोर काळं दिसतंय तेच काचघर. मागून वळा. इथून तुम्ही अर्ध्याच दिसताय, काचेआड गेलात.

वहिनी: दारापाशी आहे. दवाने हात घसरतोय. उचललं... ढकललं. उघडलं.

दीर: उघडंच ठेवा. ड्रोन खाली आणतो, कॅमेरा वाकवून दारातून आत बघतो. जरा बाजूला व्हा... काळं. सगळं काळंच आहे, वहिनी. पांढरं काही नाही.

वहिनी: त्यांची शाल दिसतेय.

दीर: कुठे?

वहिनी: जमिनीवर. फुगीर आहे. वर स्वेटरही टाकलाय.

दीर: शालीत काय आहे? वहिनी, बोला. शालीत काय आहे?

वहिनी: रोपं.

दीर: काय?

वहिनी: शालीखाली रोपं आहेत. कुंड्या एकाला एक चिकटवून मांडल्यात, कडा नीट खोचल्यात. चिऊला खोचते मी तशा. आणि पुढे गोणपाटं... आप्पा? आप्पा, आहात का इथे?

दीर: वहिनी, मागे बघा. दाराच्या मागे. दारापाशी खाली पांढरं आलंय. बोटं आहेत. हाताची बोटं आहेत ती.

आप्पा: दार कोणी टाकलं गं हे उघडं? सगळी ऊब जाते ना बाहेर.

वहिनी: आप्पा...

आप्पा: रात्री विचारलं होतं तुला, पांघरूण घातलंस का. तू म्हणालीस, घातलं. इथे येऊन बघतो तर उघडी सगळी.

वहिनी: मी चिऊला घातलं म्हणाले होते, आप्पा.

आप्पा: तिला तू आहेस. यांना कोण आहे?

वहिनी: चला, घरी चला. किती गार पडलेत हात. पायात चप्पल नाही एका.

आप्पा: ऊन येऊ दे जरा, मग निघू. हिला आत घे आधी, नाक बघ कसं लाल झालंय पोरीचं. आणि हे वर काय घोंघावतंय मघापासून?

वहिनी: भावजी आहेत.

आप्पा: त्याला म्हणावं, किल्ली घेऊन ये, पुढचं दार उघड. वरून काय बघतोस? हं, सरक. लावू दे मला.

दीर: वहिनी? ती बोटं दिसेनाशी झाली. तुम्हीही. परत काळं झालंय सगळं.

वहिनी: होणारच. दार लावलंय त्यांनी.