गोदामातल्या गाठी आणि नाना

फॅक्ट टेबल, म्हणजे रोजच्या आकड्यांचं कोष्टक, कसं आखावं यावर तुमचा मघापासून वाद चाललाय म्हणून सांगतो. मला ते एका वॉचमननं शिकवलं. नव्वदच्या सुमारास, धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढून गाठी बांधतात तिथं. कॉम्प्युटर नवा, मीही नवा. रोज संध्याकाळी गोदामात कापसाच्या किती गाठी आहेत, तो आकडा मी टेबलात भरायचो. महिनाअखेरीला शेठ म्हणाले, "महिन्याचा स्टॉक काढ." मी सगळ्या ओळींची बेरीज करून दिली.

शेठनी कागद पाहिला. "एवढ्या गाठी? मग उद्यापासून कापूस घेणं बंद." इकडे फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागलेली.

मलाच नवल वाटलं, एवढ्या गाठी ठेवल्यात तरी कुठं? म्हणून बघायला गेलो, तर निम्मं गोदाम रिकामं. दारात वॉचमन नाना तंबाखू मळत बसलेले. म्हटलं, "नाना, बाकीच्या गाठी कुठं आहेत?"

त्यांनी आधी मी बेरीज कशी केली ते नीट विचारून घेतलं. मग आपल्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, काल ज्या गाठी व्हत्यात, त्याच आज बी शेतस."

"पण नाना, रोजचा आकडा तर खरा आहे."

"खरा शे ना. मी बी रोज आठेच, या दारमा बसस. मंग महिनामा तीस वॉचमन व्हयनात का?"

तसाच धावत जाऊन शेठना चूक सांगितली आणि खरेदी चालू राहिली. तेव्हापासून कुठलंही टेबल आखलं, की आधी त्यात नानांना महिनाभर बसवून बघतो. महिनाअखेरीला ते एकटेच उठले, तर टेबल बरोबर.