माझ्या आजाराची ज्येष्ठता

नाही, पण तुम्हीच सांगा, घरात आधी आजारी कोण पडलं? मी! सहा वर्षं झाली या संधिवाताला. सकाळी मूठ वळायला पंचेचाळीस मिनिटं लागतात, अंदाजे नव्हे हो, घड्याळ लावून, वहीत तारीखवार नोंद आहे, जुनी मॅट्रिक आहे मी! आणि गेल्या वर्षी धाकट्या जाऊबाईंनी काय काढावं? आतड्यांना सूज! झालं... सगळं घर तिच्याभोवती. मुलगा माझा, पण जेवणाच्या टेबलावर विचारतो काय, "काकू, आज कितीदा जावं लागलं गं?" माझ्या बोटांची चौकशी? नाव नको! त्यात बाथरूम एकच. ती शिरली की अर्धा तास. बाहेर मी, दार ठोठावायला मूठ वळत नाही... कोपरानं धडका देऊ का या वयात?

म्हटलं, मोठा आजार कोणाचा ते डॉक्टरीणबाईंच्याच तोंडून ऐकू दे हिला. मुद्दाम बरोबर नेलं... तिथेच चुकलं! बाई म्हणतात, "आजी, शरीराची राखण करणारी यंत्रणाच बिथरून घरच्यांवर उलटलीय. तुमच्यात सांध्यांवर, यांच्यात आतड्यांवर. पण त्या यंत्रणेला चिथावणारे रासायनिक निरोप बरेचसे तेच. तुम्हा दोघींना एकच औषध चालेल!" की ही लगेच, "अगंबाई, ताई, म्हणजे आपण आता सख्ख्याच की!"

सख्ख्या! तुम्हाला सांगते, माझ्यासारखे पडदे घेतले, बोलले नाही. माझ्यासारखी चष्म्याची फ्रेम घेतली, गिळलं. आता आतला बिघाडसुद्धा माझ्यासारखाच?

पुढे एकाच दिवशी, शेजारशेजारच्या खुर्च्यांत, दोघींना त्याच औषधाचं सलाईन. नर्स विचारते, "आधी कोणाला लावू?" मी वयाचा दाखला द्यायला तोंड उघडतेय तोवर, "मला लावा हो, मला परत जावं लागेल!" आधी आजारी कोण पडलं? मी! सुई आधी कोणाला? तिला!

असो. तीन महिने झाले. काल उठले तर मूठ वळली... अगदी घट्ट! वही बाजूला ठेवली, तडक बाथरूम गाठलं, पदर खोचला, वर्षभराचा राग बोटांत आणून हात उगारला...

दार सताड उघडं! आणि स्वयंपाकघरातून ही, चहाचा घोट घेत, "ताई, तुम्ही जा ना खुशाल. मला आता लागतच नाही!"

बरी आधी कोण झाली?

ती!